शेण, मढं आणि श्वास



माझ्या सदऱ्याच्या खिशात एक दगड आहे. मघापासून तो टोचतोय, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलतो. आम्ही सातवीत होतो. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, ते गुरुजी आम्हाला विज्ञान शिकवायचे. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याची पेटी. तिच्यात भिंग, लोहचुंबक, सापाची कात, दोन परीक्षानळ्या आणि हा दगड. गुरुजींनी तो पहिल्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, "ओळखा." कुणी म्हणालं रताळं, कुणी म्हणालं मुरमाचा गोळा. गुरुजी म्हणाले, "शेण आहे. हुंगून बघा." वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. पण त्या दिवशी एकूण एक पोरानं तो दगड हुंगला. वास कसलाच नव्हता.

संयोजकांनी मला दिलेला विषय ऐसपैस आहे : प्राणी, माणसाचं आरोग्य आणि निसर्ग यांविषयीचे अलीकडचे शोध. एवढ्या विषयात हत्तींचा कळपसुद्धा मावेल. तसा तो आपल्या मुलखात मावलाच आहे. २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून गडचिरोलीत उतरला आणि धानाच्या बांध्या तुडवत फिरू लागला. पण तासाभरात सगळ्या जगाची बातमीपत्रं वाचून दाखवण्यात मला रस नाही. मी चंद्रपूर आणि गडचिरोलीची वेस सोडायची नाही असं ठरवून आलोय. बाहेरचं जग आपल्याकडे आलं, तर येऊ द्या. एवढी वर्षं प्राणिशास्त्र शिकवल्यावर मला एक गोष्ट दिसली आहे. आपल्या झाडीपट्टीतून जगाला जे नवं कळलं, त्यातलं बरंचसं ज्याकडे शहाण्या माणसानं नाक मुरडावं अशाच वस्तूंतून कळलं. कुणीतरी खाली वाकलं, म्हणून कळलं.

तर हा दगड. तो वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याचा. गावाभोवतीच्या शेतांत नांगर फिरला की असे गोळे वर येतात. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, त्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या भागातले जीवाश्म गोळा केले होते. १९३९ साली मॅटले नावाच्या भूशास्त्रज्ञानं पिसदुऱ्याच्या या गोळ्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. म्हणजे हे शेणच आहे, हे गुरुजींच्या आधीच ठरलेलं होतं. कुणाचं, तर साडेसहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी इथं वावरणाऱ्या लांब मानेच्या प्रचंड डायनोसॉरांचं. त्यांना टायटॅनोसॉर म्हणतात. त्यांची हाडंही तिथंच सापडतात.

शेणाचा दगड झाला, एवढ्यावर साठ-सत्तर वर्षं गोष्ट थांबली. मग लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी हे गोळे फोडून, आम्लात विरघळवून, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यांना काय दिसलं ते समजायला तुम्हाला पुस्तक नको. धानाचं पातं हातावरून ओढलं गेलं की कातडी चिरते. विळ्याची धार चार दिवसांत बोथट होते. राइस मिलमागचा कोंडा जाळला तर राखेचा ढीग उरतो, आणि ती राख जवळजवळ सगळी सिलिका असते, म्हणजे वाळूची सख्खी बहीण. गवताच्या जातीतली झाडं जमिनीतून पाण्याबरोबर ही सिलिका शोषतात आणि पेशींमध्ये तिचे बारीक कण बसवतात. झाड कुजतं, कण उरतात. आणि प्रत्येक कुळाच्या कणाची घडण वेगळी असते, इतकी की कण पाहून कूळ सांगता येतं.

पिसदुऱ्याच्या शेणात गवताचे कण निघाले. एकाच नव्हे, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं आणि पाठ्यपुस्तकातलं एक चित्र खोडावं लागलं. तोवर आम्ही मुलांना शिकवत होतो की डायनोसॉर गेले आणि मग गवत आलं. चित्रातले डायनोसॉर नेच्यांच्या आणि सूचिपर्णी झाडांच्या रानात उभे असायचे, पायाखाली गवताची काडी नाही. आता कळलं की तेही गवताला तोंड लावत होते. फार नाही, त्या शेणात ताडकुळीचे आणि इतर झाडांचेही अवशेष आहेत. मिळेल ते खाणारी जनावरं ती, आपल्या बकऱ्यांसारखी.

खरी गंमत पुढे आहे. २०११ साली याच चमूनं आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. पिसदुऱ्याच्या कणांतले काही कण भाताच्या कुळाचे होते. भात नव्हे, नीट ऐका. उद्या वर्तमानपत्रात 'डायनोसॉर खायचे चंद्रपूरचा तांदूळ' असं छापून यायचं. भात ज्या कुळात पुढे जन्मला, ते कूळ त्या काळी वेगळं झालेलं होतं, एवढंच म्हणणं आहे. पण एवढंही मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीच्या माणसाला पुरेसं आहे. ज्या मातीत आपण रोवणी करतो, तिथून काही कोसांवर भाताच्या खापरपणजोबाचा पुरावा शेणात जपून ठेवलेला निघाला.

भाताचा विषय निघालाच आहे, तर नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिसरीपर्यंत शिकलेला, दीड एकराचा धनी. १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या शेतात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. आपल्यापैकी किती जणांनी त्या कापून गंजीत टाकल्या असत्या? त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, वर्षानुवर्षं. त्या वेळी मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं ही प्रतिष्ठा होती, म्हणून वाणाचं नाव पडलं एचएमटी. आज तो तांदूळ कुठकुठल्या राज्यांत शिजतो आणि दादाजींच्या वाट्याला काय आलं, याचा हिशोब मांडायला बसलो तर माझं व्याख्यान बिघडेल. २०१८ साली ते गेले. वनस्पतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत मेंडेलच्या वाटाण्यावर प्रश्न असतो. या तीन लोंब्यांवर मी तरी कधी पाहिला नाही.

आता ताजं शेण. ताडोब्यात येणारा पर्यटक वाघाचं तोंड बघायला येतो, आणि जिप्सीवाल्यानं ते दाखवलं नाही तर पैसे बुडाले म्हणून तोंड वाकडं करतो. वाघाचा अभ्यास करणारा माणूस मात्र वाटेवर पडलेली विष्ठा दिसली की खूष होतो. तिच्यात वाघाच्या आतड्यातल्या पेशी असतात, पेशीत डीएनए. वाघाला न शिवता, न बेशुद्ध करता त्याची अख्खी वंशावळ हातात येते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात उमा रामकृष्णन आणि त्यांचे विद्यार्थी कित्येक वर्षं देशभरातली विष्ठा, केस, लाळ गोळा करून हेच करत आहेत. ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये जवळजवळ काळे वाघ दिसतात. पट्टे इतके रुंद की एकमेकांत मिसळलेले. २०२१ साली विनय सागर आणि उमा रामकृष्णन यांच्या चमूनं त्याचं कारण दाखवलं. एका जनुकात एका अक्षराचा फरक. इतर रानांत हा फरक जवळपास सापडत नाही, सिमिलिपालमध्ये मात्र सुमारे ३७ टक्के वाघ असे. कारण ते रान बाकीच्यांपासून तुटलं आहे. बाहेरचा वाघ येत नाही, आतले आतल्या आत जोड्या जमवतात. आपल्या खेड्यात सोयरिकी त्याच चार घरांत होत राहिल्या की म्हाताऱ्या बाया जे म्हणतात, तेच विज्ञानानं इथं म्हटलं.

यावर उपाय काय काढला, तर बाहेरची सून आणायची. आणि माहेर कुठलं, तर आपलं ताडोबा. २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमुना आणि झीनत या दोन वाघिणी इथून सिमिलिपालला गेल्या. झीनतला सासर रुचलं नाही. सोडल्यावर काही दिवसांत ती झारखंडात गेली, तिथून बंगालात, झाडग्राम, पुरुलिया करत बांकुऱ्यापर्यंत. तीन राज्यांचं वनखातं तिच्या मागे. २९ डिसेंबरला तिला बेशुद्ध करून पकडलं. जनुकाचा शोध कागदावर फार स्वच्छ असतो. वाघिणीला तो कागद वाचता येत नाही. आणि वाघांची चाल आपल्याला तरी कुठं ठाऊक होती? शेजारच्या यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक तरुण वाघ गळ्यात कॉलर घेऊन २०१९मध्ये निघाला आणि वर्षभरात सुमारे ३००० किलोमीटर चालला. शेतांतून, रस्ते ओलांडून, कुणाच्या लक्षात न येता. वाघ जंगलात राहतो हे वाक्य तेव्हापासून मी वर्गात जरा जपून बोलायचो.

इथं मला थांबलं पाहिजे, कारण समोर ब्रह्मपुरी आणि सिंदेवाहीकडची माणसं बसलेली दिसताहेत, आणि वाघाच्या गोष्टीत हसू फार वेळ टिकत नाही. मघापासून मी 'वाकून पाहणं' याचं कौतुक करतोय. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचणारी बाईही वाकलेलीच असते. मागोमाग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. उभा माणूस वाघाला माणूस वाटतो; वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस चार पायांच्या सावजासारखा दिसतो, असं वनखात्यातले जाणते सांगतात. हर्षवर्धन धनवटे आणि सहकाऱ्यांनी ताडोबा परिसरातल्या २००५ ते २०११ या काळातल्या वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३२ हल्ले, ७१ मृत्यू. बहुतेक माणसं रानातलं काहीतरी गोळा करताना सापडलेली. वाघ वाढले याचा आनंद मलाही आहे. पण तो आनंद नागपुरात वेगळ्या भावात मिळतो आणि मोहाच्या झाडाखाली वेगळ्या. रानात कुणी कुठल्या वेळी, कितीजणींनी मिळून, काय वेचायला जायचं, हे त्या बायांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्यासाठी माझ्याकडे उपदेश नाही. घरात पर्यायी मिळकत असती तर अंधारात कोण गेलं असतं?

आता मढं.

माझ्याकडे पक्षिनिरीक्षणाच्या जुन्या वह्या आहेत. १९८८ सालची एक नोंद अशी : गावाबाहेर ढोरफोडी, मेलेला बैल, गिधाडे भरपूर. बस्स. 'भरपूर'. पंधरा वर्षांनी मी त्याच जागेवर गेलो. बैल होता, कुत्री होती, वास असा की रुमालानं आवरेना. गिधाड एकही नाही. माझ्या आयुष्यातली सर्वात मोठी घटना माझ्या डोळ्यांदेखत घडली आणि माझ्या वहीत तिची आरंभसंख्या 'भरपूर' अशी आहे. चाळीस होती की चारशे, मी सांगू शकत नाही. विद्यार्थ्यांना मोजायला शिकवणारा माणूस मी.

काय झालं होतं, ते आता सर्वांना ठाऊक आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. एकस्वाची मुदत संपल्यावर १९९०च्या दशकात ते स्वस्त झालं आणि गुरांना सर्रास टोचलं जाऊ लागलं. औषध दिलेलं ढोर मेलं की मांसात औषध राहतं. ते खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, युरिक आम्ल आतड्या-काळजावर पांढऱ्या पिठासारखं साचतं आणि काही दिवसांत पक्षी मान टाकतो. कारण २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून सापडलं. त्याआधी कुणी विषाणू म्हणे, कुणी अन्नटंचाई. २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातलं एखादं उरलं होतं.

गिधाडं गेली, म्हणून माणसाचं काय गेलं? हा प्रश्न पक्षिमित्रांनी विचारला तर लोक हसतात. तो दोन अर्थशास्त्रज्ञांनी विचारला. शिकागोचे एयाल फ्रँक आणि वॉरिकचे अनंत सुदर्शन. त्यांची युक्ती साधी होती. गिधाडांना मानवतील असे जिल्हे एका बाजूला, जिथं गिधाडं फारशी नव्हतीच असे जिल्हे दुसऱ्या बाजूला, आणि औषध स्वस्त होण्यापूर्वीचे व नंतरचे माणसांचे मृत्युदर. पहिल्या गटात मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला निघाला. २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू, असा त्यांचा अंदाज. २०२४ साली अमेरिकेतल्या आघाडीच्या अर्थशास्त्र नियतकालिकात हे आलं. सडणारी ढोरं, त्यांवर पोसलेली कुत्री, पिसाळलेल्या कुत्र्यांचे चावे, ओढ्याविहिरींत मिसळणारी घाण, अशी ती साखळी. हा हिशोब आहे, मृत्युदाखला नव्हे. पाच लाखांतलं कुठलं मरण गिधाडाच्या नावावर लिहायचं हे कुणालाही दाखवता येणार नाही. तरीही मला तो पटतो. ढोरफोडीवरची ती कुत्री मी पाहिली होती.

गडचिरोली वनविभागानं नंतर मेलेली जनावरं टाकण्याच्या जागा राखल्या. त्यांना लोक गिधाडांचं हॉटेल म्हणू लागले. २०२४च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या पैदास केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं ताडोब्यात बोटेझरीला आणली, मोठ्या पिंजऱ्यात सवय करवली आणि पाठीवर यंत्र बांधून त्याच वर्षी सोडली. काही दगावली. एन-११ नावाचं एक मात्र छत्तीसगड, गुजरात, कर्नाटक असं करत सुमारे चार हजार किलोमीटर उडून तमिळनाडूत पोहोचलं. पुन्हा पाहा, आपल्याकडून निघालेला कुणीच सांगितलेल्या जागी राहत नाही. पण त्याचा दर दिवसाचा मुक्काम कुठं झाला हे कळतं. दहा पक्षी, दहा क्रमांक. 'भरपूर' नाही.

मोजणीवरून श्वासाकडे येतो. राणी आणि अभय बंग हे डॉक्टर दांपत्य १९८६च्या सुमारास गडचिरोलीत आलं, आणि 'सर्च' या त्यांच्या संस्थेचं काम सुरू झालं. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचं सर्वेक्षण केलं. शास्त्र म्हणून विषय मोठा. मलेरियाच्या प्रदेशात हा जनुकदोष का टिकून राहिला, याचं उत्तर सुंदर आहे. एक जनुक आई किंवा वडिलांकडून आलं तर मलेरियाशी झुंजायला मदत होते, दोन्हीकडून आलं तर आजार. पण लोकांना त्या वेळी त्यात रस वाटला नाही, ही गोष्ट डॉ. अभय बंगांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. मग त्यांनी लोकांना काय सलतंय ते विचारायला घेतलं. विचारल्यावर जे बाहेर आलं, ते असं की कुणी कधी बोललं नव्हतं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी झाली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास, सरासरी प्रत्येकीला तीनहून अधिक. आणि यापूर्वी कधी तरी तपासणी झालेल्या किती? आठ टक्के. १९८९च्या जानेवारीत हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच सरकारदरबारी ठाऊक होतं. पांढरं जाणं, कंबरदुखी, पाळीचा त्रास या नाकं मुरडून पदराआड ढकललेल्या गोष्टी डॉ. राणी बंगांनी कागदावर आणल्या.

त्यानंतर लहान मुलांचा न्यूमोनिया. बाळाचं पोट उडतंय, धाप लागलीय, हे आईला दिसतं. पण ती धाप औषध द्यावं इतकी आहे का, हे ठरवायला मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. मोठ्या बाळाला पन्नासवर, दोन महिन्यांच्या आतल्याला साठवर गेले तर धोका. आता ज्या सुईणबाईला साठपर्यंत अंक येत नाहीत, तिनं काय करायचं? दिल्लीत बसलेल्या माणसानं तिला आधी साक्षर करा म्हटलं असतं. इथं तिच्यासाठी मण्यांची पाटी केली. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी आला तर न्यूमोनिया. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझ्या वहीतलं 'भरपूर' आठवलं आणि लाज वाटली. अंगठाबहाद्दर म्हणून जिला बाजूला सारलं जातं, ती बाई माझ्यापेक्षा नेमकी नोंद ठेवत होती.

पुढचं पाऊल नवजात बाळाचं. जन्मानंतरचे अठ्ठावीस दिवस सर्वांत घातकी. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाल्यांना पूर, आणि सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही. म्हणून गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, ऊब टिकवणं, श्वास अडला तर चालू करणं, आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देणं. या शेवटच्या गोष्टीवर भल्याभल्यांच्या भुवया वर गेल्या. थोडंफार शिकलेली बाई बाळाला सुई टोचणार? ३९ गावांत हे केलं, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'नं ते छापलं. २०११पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरोघरी नवजात बाळं तपासायला जाऊ लागल्या. आज मेळघाटापासून बिहारपर्यंत कुठं आशाताई काट्याच्या झोळीत बाळ टाकून वजन घेत असेल, तर ती रीत आपल्या गडचिरोलीतल्या कुडाच्या घरांत पक्की झालेली आहे.

वेळ संपत आलाय, अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

हा दगड गुरुजी गेल्यावर त्यांच्या मुलानं मला दिला. साठेक वर्षांपूर्वी गुरुजींनी तो शेतातून उचलला. आज तसं करणं बरोबर नाही, पिसदुऱ्याचे दगड पिसदुऱ्यातच राहिले पाहिजेत, आणि हाही मी योग्य जागी जमा करणार आहे. त्याआधी पहिल्या रांगेपासून तो फिरवतो. एका बाजूला तो किंचित फुटला आहे, तिथं आतला थर दिसतो. खिशात चष्मा असेल तर लावा. पोरांनो, मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल, घाई करू नका. आणि हो, हुंगायला हरकत नाही.